सोनकी आहे तोवर

आबांनी डोक्यावरची टोपी काढली, तिच्यातून एक चुरगळलेलं रोप बाहेर काढलं आणि माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं.

"हे काय हाय ते सांग," ते म्हणाले.

मी दिवाळीच्या सुट्टीला साताऱ्याहून नुकतीच घरी पोचले होते. पिशवी अजून उंबऱ्यातच होती. "आबा, निदान पाय तरी धुऊ द्या."

"पाय कुठं पळून जात्यात व्हय? ह्ये मातर पळाय लागलंय. अर्धा सडा गिळला त्यानं."

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय वनस्पतिशास्त्र. त्या वयात माणसाला वाटतं की जगातली सगळी झाडं आपल्याला विचारूनच उगवतात. मी रोप उचललं. फूल पिवळं, पण नारिंगीकडं झुकलेलं. प्रत्येक पाकळीच्या टोकाला बारीक दात. पान गाजराच्या पाल्यासारखं चिरलेलं.

"सोनकीच की," आई चुलीपुढून म्हणाली. "जरा माजलीय इतकंच."

"म्हशी सोनकीला तोंड तरी लावत्यात," आबा म्हणाले. "ह्याला हुंगून माघारी फिरत्यात. खाली गवताची काडी उगवत न्हाई. परवा देवळात सभा हाय. गावाला नाव पायजे, आन ऱ्हावू द्यायचं का उपटायचं त्ये पायजे. म्या सांगितलंय, माझी पोरगी सांगंल."

एवढ्यात वहिनी पाण्याची घागर घेऊन आत आली. माझ्याकडं बघून हसली, घागर उतरवली, आणि मग तिची नजर माझ्या हाताकडं गेली. तिनं ते रोप माझ्या हातातून काढून घेतलं आणि पाण्याच्या तांब्यात उभं केलं.

"फूल असं भुईला टाकू ने, मामंजी," ती म्हणाली. आबांनी टोपी झटकून पुन्हा डोक्यावर ठेवली.

आमचं गाव पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात. डोक्यावर सडा, म्हणजे कातळाचं लांबरुंद पठार. एसटी सड्याच्या पलीकडं घाटरस्त्यावर थांबते. तिथं उतरायचं, सडा तुडवायचा आणि मग गावात उतरायचं. दुसरी वाट नाही. भादव्यात तो सडा सोनकीनं असा पिवळा होतो, की गावातल्या म्हाताऱ्यासुद्धा दोन घटका टेकून बघतात. नवरात्राच्या आसपास सोनकी वाळते. आमच्याकडं कुणी महिन्यांची नावं फारशी घेत नाही. तेरडा आला की पोरींना माहेरी आणायचं, सोनकी आली की गौरी, सोनकी वाळली की गवत कापायला काढायचं. "सोनकी हाय तवर" म्हणजे लवकरच, फार तर महिन्याभरात. उसनी पायली परत द्यायचा वायदाही तसाच चालतो.

वहिनीचं नाव वैजयंता. ती माण तालुक्यातली, दुष्काळी मुलखातली. लग्नानंतरच्या पहिल्या भादव्यात दादानं तिला सडा दाखवायला नेलं, आणि मी अर्थातच शेपटासारखी मागं. सड्याच्या कडेवर ती थबकली. बराच वेळ तोंडावर पदर धरून उभी राहिली आणि मग म्हणाली, "एवढं कुणी पेरलं?"

दादा पोट धरून हसला. "अगं, ह्ये कुणी पेरत न्हाई. आपसूक येतं."

"आपसूक कसं यील? आमच्यात मटकीसुद्धा आपसूक येत न्हाई."

तेव्हापासून घरात काहीही हरवलेलं सापडलं, की दादा म्हणायचा, "आपसूक आलं गं, वैजयंता." आणि वहिनी लटक्या रागानं भाकरी थापायची. मी तेव्हा दोन वेण्या घालणारी पोरगी होते. पण ती मला पहिल्या दिवसापासून "वन्सं" म्हणायची आणि "तुमी" म्हणायची. आधी थट्टेनं म्हणायची, पुढं तीच सवय झाली. मला न्हाण आलं तेव्हा आईच्या आधी तिला सांगितलं. कॉलेजला जायचं ठरलं तेव्हा आबांशी ती भांडली. मला सख्खी बहीण नव्हती, आणि ती असल्यावर कधी लागलीही नाही.

दादा कराडच्या एका मालकाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. लग्नानंतरच्या दुसऱ्या भादव्यात, गौरी-गणपती बोळवल्यावर, तो गाडीवर निघाला. त्याची पिशवी घेऊन मी एसटीपर्यंत गेले. वहिनी जरा मागून चालत होती. एसटी वळणावर दिसली तसा तो वळला आणि म्हणाला, "सोनकी हाय तवर येतो." त्यात विशेष काही नव्हतं. प्रत्येक खेपेला माणसं असंच काहीतरी म्हणून जातात.

नवरात्र संपलं. सोनकी वाळली. दादा आला नाही. आबा कराडला जाऊन आले. दादानं हुबळीला गाडी उभी केली होती, किल्ली दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातात दिली होती आणि आपल्या पायानं निघून गेला होता. भांडण नाही, दुखणं नाही, देणंघेणं नाही. पुढं कुणी म्हणालं गदगला दिसला, कुणी म्हणालं गोव्याला. आबा दोनदा शोधून आले आणि मग त्यांनी घरात दादाचं नाव काढणंच सोडलं. मेलेल्या माणसाचं सुतक तरी फिटतं. आमच्या घरात तसं काही फिटायची सोयच नव्हती.

वहिनीचा भाऊ हणमंत दर भाऊबीजेला यायचा. ती त्याला ओवाळायची, पुरणपोळी वाढायची आणि एकटाच परत पाठवायची. "आत्ता न्हाई यायची मी," एवढंच म्हणायची. का, ते कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुस्तक घेऊन सड्यावर निघाले, तर वहिनीही विळा आणि दोर घेऊन आली. "गवत बी कापून हुईल आन तुमची परीक्षा बी बघून हुईल," ती म्हणाली.

सडा बघून मात्र माझी गंमत संपली. दिवाळीत तो सडा तांबूस, वाळका असायचा. आता एसटीच्या वळणापासून थेट गावाच्या उतारापर्यंत, वाटेच्या दोन्ही अंगांना, कमरेएवढं उंच पिवळं-नारिंगी पसरलं होतं. वाटेजवळ दाट आणि लांब जावं तसं विरळ. उन्हात ते इतकं सुंदर दिसत होतं, की मी पुस्तक उघडायचं विसरले.

"छान दिसतंय न्हवं?" वहिनी म्हणाली.

"दिसतंय खरं."

मी खाली बसून बघायला लागले. सोनकी गुडघ्याएवढीसुद्धा होत नाही, तिचं पान अखंड, कडेला दातेरी. हे सगळंच वेगळं होतं. सोनकीच्या बीला कापूस असतो, वारा आला की उडून जातं. ह्याचं बी काळं, लांबट, टोकाला दोन काटे. जवळून जाईल त्याच्या कपड्याला चिकटतं. माझ्या ओढणीला एव्हाना पाचपंचवीस चिकटली होती. पुस्तकातलं चित्र आणि हातातलं फूल जुळलं. कॉसमॉस. मूळ मेक्सिकोचं. बागेसाठी आणलेलं आणि बागेत न राहिलेलं.

नमुना म्हणून मी एक पिकलेलं बोंड खुडायला गेले.

"सकाळचं नका घेऊ, वन्सं," वहिनी लगेच म्हणाली. "दवात भिजल्यालं बी कुजतं. दुपारचं घ्या. मुठीत धरलं की सुटतं सगळं."

मी तिच्याकडं बघितलं. "तुला कसं ठावं?"

"गवत कापताना दिसतं की." आणि ती कापायला लागली. तिचा हात भरभर चालत होता, पण पिवळ्या झाडाजवळ आला, की विळा त्याला वळसा घालून पुढं जात होता.

मी काही विचारलं नाही. तिला काही विचारायची मला भीती वाटत असे, कारण तिनं खरं सांगितलं असतं.

दुपारी ओट्यावर आबा दोर वळत बसले होते. मी त्यांना नाव सांगितलं. बाहेरचं आहे, एकदा रुजलं की दुसऱ्या कशाला जागा देत नाही, असंच राहिलं तर काही वर्षांत सड्यावर सोनकी औषधालाही सापडायची नाही, असंही सांगितलं.

"मग सभेत असंच सांग. सगळ्यांम्होरं. मोठ्यानं."

"सांगते की."

आबांनी दोराला पीळ दिला. "औंदा हणमंता येईल. त्यांच्याकडं दहिवडीला पोरींच्या वसतिगृहात सैंपाकाला बाई पायजे म्हणत हुता. ऱ्हायला खोली हाय. पोरीनं जावं असं वाटतंय मला. तिचं वय काय हाय? कवर वाटंकडं डोळं लावून बसायचं?"

"त्याचा या फुलाशी काय संबंध?"

"त्ये तू बघ. शिकल्याली तू हाईस," असं म्हणून ते पुन्हा दोराकडं वळले.

मला वहिनी जायला नको होती. खरं सांगायचं तर तिनं दादाची वाट बघत बसावं यात माझाही फायदाच होता. ती वाट बघत होती म्हणून सुट्टीला आल्यावर दारात कुणीतरी हसत उभं असायचं.

सभा दुसऱ्या दिवशी, लक्ष्मीपूजन उरकल्यावर, भैरोबाच्या देवळापुढं भरली. पुरुष पायऱ्यांवर, बायका पाराच्या अंगाला. बापू कदमांनी सुरुवातच अशी केली, की हे सगळं पलीकडच्या डोंगरावरच्या पवनचक्कीवाल्यांचं काम आहे. "एवढाली पाती फिरवायची म्हंजे काय चेष्टा हाय? वारंच उलटं फिरलं. कुठल्या मुलखाचं बी कुठं आलं." काही जण हसले, पण बऱ्याच जणांना ते पटलं. कुणी म्हणालं, पाती राहू दे, त्यांच्या गाड्यांच्या चाकाला चिकटून आलं असणार. बघता बघता असं ठरायला लागलं, की उद्या सकाळी घाटात जाऊन पवनचक्कीच्या गाड्या अडवायच्या.

"आदी पोरगी काय म्हणती ती ऐका," आबा म्हणाले.

मी उभी राहिले. मेक्सिकोचं नाव घेतल्यावर बापू कदमांनी "बघा, म्या काय म्हणलं" अशी मान हलवली. मी पान कसं, पाकळी कशी, बी कसं ते सांगितलं. मग म्हणाले, "ही सोनकी न्हाई. सोनकीसारखी दिसते, पण ही सोनकी न्हाई. आणि ही राहिली तर सोनकी राहणार न्हाई."

"मग उद्याच गाड्या अडवू," बापू म्हणाले.

"गाड्या नका अडवू."

बायकांमधून आवाज आला. सगळ्यांनी वळून बघितलं. वहिनी उठून उभी राहिली होती. डोक्यावरचा पदर तिनं दोन्ही हातांनी धरला होता. गावापुढं ती कधी बोललेली मी ऐकली नव्हती.

"ते म्या पेरलंय," ती म्हणाली.

बापू पायरीवरून उठले आणि म्हणाले, "तू? कशापायी गं?"

"घाटातल्या बंगल्याम्होरं वाफा हाय. दिवाळी सरली तरी तिथं ही फुलं असत्यात. तिथनं बी आणलं पदरात बांधून. दर साली वाटंच्या दोनी बाजूला टाकलं." ती जरा थांबली. "सोनकी नवरात्रात वाळती. ह्ये मार्गेसरापतोर ऱ्हातं."

"बरं, मग?"

"ह्येंनी सांगितलं हुतं, सोनकी हाय तवर येतो. म्या म्हणलं, सोनकी संपायलाच नगं."

माझ्या हातात पुस्तक होतं आणि मला ते कुठं ठेवावं कळेना. मी पुरावा जमवल्यासारखं फुलाचं पान, पाकळी, बी सगळं सांगितलं होतं. आणि समोर उभी होती ती बाई, जिनं पाच वर्षं एका शब्दाला पाणी घातलं होतं. मला तिच्याजवळ जाऊन तिला धरावंसं वाटत होतं, पण पाय उचलत नव्हता.

"मला काय ठावं न्हवतं व्हय, ही सोनकी न्हाई ते," वहिनी माझ्याकडं बघत म्हणाली. त्यात राग नव्हता. "पयल्या सालापास्नं ठावं हाय. पर कुणी म्हणलं न्हवतं तवर चालत हुतं."

मग ती आबांकडं वळली. "मामंजी, उद्या मीच उपटती. माझ्यापायी म्हशी उपाशी नगं."

"येकली न्हाई," आबा म्हणाले. "समदं गाव यील."

घरी येताना आबा माझ्या शेजारून चालत होते. मी म्हणाले, "तुम्हाला ठाऊक होतं."

"गुरं राखण्यात जनम गेला, पोरी. सोनकी मला वळखू येत न्हाई व्हय? आन वाटंला कोण बी टाकत फिरतंय, त्ये दिसत हुतं. पर म्या म्हणलं असतं तर सासऱ्यानं घरातनं काढली, असं झालं असतं. तुझ्या तोंडातनं तिला लागंल, पर खुपायचं न्हाई."

पाडव्याच्या सकाळी गाव सड्यावर गेलं. सणाचा दिवस, पण कुणी कुरकुर केली नाही. बापू कदम सगळ्यांत पुढं होते. आदल्या रात्रीपासून त्यांनी पवनचक्कीचं नाव घेतलं नव्हतं. एसटीच्या वळणापाशी सगळे थांबले. कुणी आधी हात लावेना. वहिनीनं पदर खोचला, वाकली आणि पहिलं झाड धरून ओढलं. ते मुळासकट वर आलं. तिनं मुळाकडं बघितलं, बोटभर लांब आणि मऊ मातीनं माखलेलं.

"एवढं सोपं असंल असं वाटलं न्हवतं," ती म्हणाली.

मग सगळे भिडले. मी तिच्या शेजारच्या ओळीत होते. दुपारपर्यंत गावाचा उतार गाठला. मागं वळून बघितलं तर वाट ओळखू येत नव्हती. नुसता कातळ, उकरलेली माती आणि जागोजागी पिवळे ढीग.

वहिनी एका दगडावर टेकली. तिच्या लुगड्याला गुडघ्यापर्यंत काळं बी चिकटलं होतं. ती ते एक एक करून काढायला लागली आणि काढलेलं बी पदराच्या टोकात टाकत राहिली, वाऱ्यावर जाऊ नये म्हणून.

"वन्सं, फुडल्या भादव्यात सोनकी यील का हितं?"

"येईल. जमिनीत बी असतं तिचं."

"आपसूक?"

"आपसूक."

ती हसली आणि मग रडली. मी तिच्याजवळ जाऊन बसले. या खेपेला पाय उचलला.

भाऊबीजेला हणमंत आला. वहिनीनं त्याला ओवाळलं, पुरणपोळी वाढली आणि तो हात धुऊन उठला तेव्हा ती आतून ट्रंक घेऊन आली. हणमंतला आधी कळलंच नाही. मग त्यानं घाईनं ट्रंक तिच्या हातातून घेतली आणि तोंड दुसरीकडं फिरवलं. आईनं तिची ओटी भरली. आबांनी डोक्यावर हात ठेवला आणि "पोरी, ह्ये घर तुझंच हाय," एवढंच बोलले.

मी एसटीपर्यंत गेले. हणमंत ट्रंक घेऊन पुढं, आम्ही दोघी मागं. त्याच वाटेनं मी एकदा दादाची पिशवी नेली होती. आता दोन्ही अंगांना काहीच नव्हतं. वळणावर एसटी दिसली तेव्हा मला एकदम लहानपणासारखं रडू फुटलं. "वैनी, कधी येशील?"

तिनं एक पाय एसटीच्या पायरीवर ठेवला होता. तो काढून ती खाली आली. माझ्या ओढणीच्या काठाला एक काळं बी राहिलं होतं, ते तिनं नखानं सोडवलं आणि चुरून टाकलं.

"ते इचारू नका, वन्सं," ती म्हणाली. "सांगून गेलं की मागचं माणूस फुलं लावत बसतं."

ती गेली. दहिवडीच्या वसतिगृहात तिनं कितीतरी पोरींना जेवू घातलं. पुढं तिथल्याच एका शिपायाशी तिनं लग्न केल्याचं कळलं, आणि मला आनंद झाला. आमच्या गावाला मात्र ती पुन्हा आली नाही. दादाही आला नाही.

आता मी कराडला शाळेत शिकवते. ते फूल आता हमरस्त्याच्या कडेला, टेकड्यांवर, कुठंही दिसतं. लोक गाड्या थांबवून फोटो काढतात आणि सोनकी म्हणून एकमेकांना पाठवतात. कुणी मला पाठवला, की मी पान आणि पाकळी बघायला सांगते. सोनकी नाही म्हणते. कुणी पेरलं असेल, ते मात्र कधी विचारत नाही.

सड्यावर भादव्यात पुन्हा सोनकी होते, वाटेच्या अगदी कडेपर्यंत. पण त्या दुसऱ्या फुलाचं बीही मातीत राहिलेलं आहे, आणि दर कार्तिकात त्याची थोडी झाडं वर येतात. वाढू दिली तर सडा पुन्हा जाईल, म्हणून दिवाळीला गेले की मी ती काढते. उतारापासून सुरू करते आणि वळणापर्यंत उपटत जाते. मला कुणी काही सांगून गेलेलं नाही. तरी घाटात एसटीचा आवाज आला, की हातातलं झाड तसंच धरून मी कंबर सरळ करते आणि कोण उतरतंय ते बघते.